हापूसच्या ओळीत बाभूळ

एका गावात, जिथे आंब्याखेरीज दुसऱ्या विषयावर कुणी फार वेळ बोलत नसे, दोन जावा राहत होत्या. थोरली आणि धाकटी. दोघींना चांगली नावं होती, पण गावाने ती कधी वापरली नाहीत, मग आपण तरी कशाला वापरायची.

त्यांच्या सासूबाईंची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका होती. हापूस, पायरी आणि लोणच्याचा आंबट आंबा अशा तीन जातींची कलमं तिथे तयार होत. कलम हातभर असतं तेव्हा ते कुठल्या जातीचं हे भल्याभल्यांना छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून सासूबाई प्रत्येक कलमाला जातीची चिठ्ठी बांधत. पावसाळ्यात चिठ्ठ्या भिजत, शाई पसरे, आणि मग सासूबाई डोळे बारीक करून जे वाचतील ते गिऱ्हाईक मुकाट्याने घरी घेऊन जाई.

शेवटी सासूबाईच वैतागल्या. त्यांनी एक कॉम्प्युटर आणून रोपवाटिकेच्या खोलीत ठेवला आणि सुनांना सांगितलं, "शाळेत बायकांसाठी दुपारचा वर्ग सुरू झालाय. डेटाबेस का काय ते शिकवतात. दोघी जा. जिला जमेल तिच्या हातात रोपवाटिकेचा कारभार."

थोरलीला मनातून हसूच आलं. अख्ख्या गावाचे अर्ज तीच टाइप करून देत असे. तक्रारी, आमंत्रणं, आभाराची पत्रं. तिची बोटं अशी चालत की लोक काम झाल्यावरही बघत उभे राहत. धाकटीचं म्हणाल तर ती तांदळातले खडे वेचावेत तशी एकेक अक्षर शोधून दाबायची. कारभार कुणाकडे येणार हे उघड होतं, निदान थोरलीला तरी.

वर्गातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुमच्या रोपवाटिकेची माहिती मांडून दाखवा."

थोरलीने झरझर एक पान तयार केलं. भोवती नक्षीची चौकट, वर लाल अक्षरांत रोपवाटिकेचं नाव, आणि खाली, 'आमच्याकडे हापूस, पायरी व लोणच्याची उत्तम कलमे मुबलक प्रमाणात असून' असा फर्डा मजकूर. धाकटीने वाकडातिकडा एक तक्ता केला. त्यात एका ओळीत एकच कलम. पहिल्या रकान्यात नंबर, दुसऱ्यात जात, तिसऱ्यात कलम बांधल्याची तारीख. तेवढ्यालाच तिला तास लागला.

बाईंनी थोरलीचं पान पाहिलं. "दिसतंय फार सुंदर. आता यातून मला फक्त पायरी काढून दाखवा."

थोरलीने सगळी बटणं दाबून पाहिली. तिच्या पानातून काही निघेना.

बाई धाकटीच्या तक्त्याकडे वळल्या. त्यांनी एक बटण दाबलं, पायरी हा शब्द निवडला, आणि बाकीच्या सगळ्या ओळी बाजूला होऊन फक्त पायरीच्या ओळी उरल्या. "चहा गाळतो तसं," बाई म्हणाल्या. "एका कलमाला एक ओळ आणि प्रत्येक ओळीला स्वतःचा नंबर, हे हिला न सांगता कळलंय. बाकीचं आपोआप येईल."

झालं. त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना.

ती वर्गाला जायची, पण शिकायला नाही, धाकटीवर नजर ठेवायला. बाई धाकटीशी हसून बोलल्या की हिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. धाकटीने काही विचारलं की हिला वाटायचं, मुद्दाम पुढेपुढे करतेय. एके दिवशी बाई सगळ्यांना बजावून सांगत होत्या, "पत्र टाइप करताना शेवटी मशीन विचारतं, बदल जतन करू का? इथे तसं नाही. तुम्ही एका ओळीत काही बदललंत आणि दुसऱ्या ओळीवर गेलात, की पहिली ओळ जतन झाली. विचारणार नाही, सांगणार नाही. म्हणून हात जपून चालवा." सगळ्या बायकांनी माना हलवल्या. थोरलीचीही मान हलली असेल, पण लक्ष नव्हतं. बोलता बोलता बाईंनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि थोरली त्या हाताकडे बघत होती.

वर्ग संपला. धाकटीने सगळी कलमं एकेक करून कॉम्प्युटरमध्ये भरली. प्रत्येक कलमाला पत्र्याचा नंबर बांधला, कलमांच्या पिशव्या जात न बघता उंचीप्रमाणे नीट रांगेत लावल्या, आणि सासूबाईंनी जुन्या चिठ्ठ्या आंघोळीच्या बंबात घातल्या. आता कुठलं कलम कुठल्या जातीचं हे त्या एका तक्त्यालाच ठाऊक होतं. कारभार धाकटीकडे गेला.

गिऱ्हाईकं यायची आणि विचारायची, "धाकट्या वहिनी आहेत का?" थोरली समोर उभी असली तरी. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची धाकटी नुसतं बटण दाबते हो." ते ऐकून थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रात्री जेवण जायचं नाही. सकाळी धाकटी चहा घेऊन आली तर तो चहासुद्धा तिला गुळचट लागायचा.

एका दुपारी धाकटी कलमांना पाणी घालायला गेली होती आणि तक्ता उघडा होता. थोरली खुर्चीवर जाऊन बसली.

एवढं काय आहे यात, तिने मनाशी म्हटलं. एका ओळीत 'लोणचं' लिहिलं होतं. तिने ते पुसून 'हापूस' केलं. आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं. तिच्या डोळ्यांपुढे आलं, आंबट आंबे घेऊन गिऱ्हाईक दारात भांडतंय, सासूबाईंचा चेहरा पडलाय, धाकटी रडतेय. मग तिने आणखी एक ओळ बदलली, मग खालची एक, मग वरची एक. कुठे लोणच्याचा हापूस केला, कुठे हापूसची पायरी. एका हापूसच्या ओळीत तर रागाच्या भरात 'बाभूळ' लिहून टाकलं.

बाहेर बादली ठेवल्याचा आवाज आला. थोरलीने पत्र बंद करावं तसा तक्ता सरळ बंद केला. जतन करायचं बटण दाबलंच नव्हतं, म्हणजे काही झालंच नव्हतं. जिवाची हौस तेवढी फिटली होती. कित्येक दिवसांनी ती त्या रात्री पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी धाकटी हसत हसत म्हणाली, "जाऊबाई, माझी कमाल बघा. आंब्याच्या तक्त्यात मी बाभूळ लिहून ठेवलीय. उन्हाने डोकं फिरलं असणार माझं." ते कलम तिने स्वतः बांधलं होतं, त्यामुळे जात आठवत होती. तिने बाभूळ पुसून हापूस केलं आणि बाकीच्या ओळींवरून नजर फिरवली. सगळीकडे हापूस, पायरी, लोणचं. खटकण्यासारखं काही दिसलं नाही.

थोरलीच्या मात्र लगेच ध्यानात आलं. बाभूळ राहिली होती, म्हणजे बाकीचंही तसंच राहिलं होतं. आणि कुठल्या कुठल्या ओळी बदलल्या, हे तिला काही केल्या आठवेना.

सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण सांगायचं काय? तुझी फजिती कशी होईल ते बघायला बसले होते, असं? उद्या सांगू, तिने ठरवलं. आणि तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात असंही आलं की नाही सांगितलं तर बोल लागेल तो धाकटीला.

तेवढ्यात धाकटीच म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या बाबांना एक हापूस द्यायचं माझ्या मनात आहे. परवा आले होते ना, तेव्हा म्हणाले, जन्मभर लोकांच्या हापूसच्या बागा राखल्या, पण आपल्या परसात हापूस नाही. जायच्या आधी घरच्या झाडाचा एक तरी खावा अशी इच्छा आहे म्हणाले."

तिने बटण दाबून फक्त हापूस गाळून घेतले, बाहेर जाऊन नंबर बघत बघत सगळ्यात जोमदार कलम शोधलं आणि उचलून आणलं. "हे बघा. बाबांना शोभेल असं."

थोरलीने त्या कलमाचा नंबर वाचला, पण त्यावरून काही आठवेना. ते तिने बदललेल्यांपैकी असेल किंवा नसेलही. एक शब्द बोलली असती तर ते कलम बाजूला राहिलं असतं. जीव तुटत होता तिचा. पण धाकटीच्या चेहऱ्यावर देण्याचा आनंद दिसत होता, आणि तोच थोरलीच्या डोळ्यांत खुपला. माझ्या बापाला द्यायचं तेही हिनेच? त्याचं कौतुकही हिलाच?

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

कलम तिच्या माहेरी गेलं. म्हाताऱ्याने ते परसात लावलं, काट्यांचं कुंपण घातलं, गुरांना आणि पोरांना दम भरला. आंघोळीचं पाणी तो त्यालाच घालायचा. थोरली माहेरी गेली की तो आधी तिला परसात न्यायचा आणि म्हणायचा, "बघ गो, कशी पालवी आलीय." थोरली बघायची आणि मनात म्हणायची, हापूसच असेल. दुसऱ्या वर्षीही तेच म्हणाली आणि तिसऱ्या वर्षीही. दर वर्षी सांगणं अधिकच अवघड होत गेलं. धाकटीवरचा राग कधीच ओसरला होता, राहिली होती ती नुसती धाकधूक. रोपवाटिकेच्या दारात गाडी थांबली की तिला वाटायचं, आलं कुणीतरी आंबट आंबे घेऊन.

पाचव्या वर्षी म्हाताऱ्याच्या झाडाला पहिली फळं धरली. मोजकीच. त्याने ती कुणाला हात लावू दिली नाहीत. पेंढ्यात घालून पिकवली आणि निरोप धाडला, "बाय, ये. पहिला आंबा तुझ्यासमोर खाणार आहे."

थोरली गेली. म्हातारा आता काठीशिवाय उठत नव्हता. त्याने आंबा धुतला, एक फोड तिला दिली आणि एक स्वतः तोंडात घातली.

थोरलीचे दात आंबले. तिने बापाकडे पाहिलं. तो शांतपणे चघळत होता. फोडी संपल्या, मग त्याने बाठाही चोखला.

"गोड आहे गो," तो म्हणाला.

"बाबा, आंबट आहे."

जन्मभर हापूस राखलेल्या माणसाला जीभ फसवणार थोडीच. त्याने हात पुसले. "आहे. लोणच्याचा आहे. पानाचा वास घेतला तेव्हाच मला शंका आली होती, पण म्हटलं तुमच्या घरचं कलम, खोटं कसं निघेल. जाऊ दे. तू घरी जाऊन काही बोलू नको हां. तुझी जाऊ तेव्हा नुकती शिकत होती. चुकला असेल बिचारीचा एखादा नंबर. एवढ्या मायेने दिलंन तिने. तिला बोल लावू नको."

थोरलीच्याने ते ऐकवेना. "तिचं नाही चुकलं, बाबा," ती म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगितलं. वर्ग, बाईंचा हात, ती दुपार, बाभूळ. काही म्हणता काही लपवलं नाही. सांगताना ती रडत होती.

म्हातारा रागावला नाही. त्याने एकदा झाडाकडे पाहिलं. नवं कलम लावलं तर ते धरायला पुन्हा तेवढीच वर्षं लागणार होती, आणि त्याच्याकडे तेवढी नव्हती, हे दोघांनाही दिसत होतं.

"मी हे लावलं, त्या दिवशी तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"शंका होती, बाबा."

"मग तेव्हाच सांगायचंस ना गो," म्हातारा म्हणाला. "दुसरं लावलं असतं. यंदा धरलं असतं."

तात्पर्य एवढंच, की मत्सराने हातून घडलेली चूक त्याच दिवशी बोलून टाकली तर थोडी लाज वाटते आणि ती चूक सुधारता येते. झाकून ठेवली तर ती आपल्याच माणसाच्या अंगणात वाढते, आणि मग कबुली देऊनही गेलेली वर्षं परत देता येत नाहीत.