मरण मागणाऱ्यांच्या गावी यदाया महाराज

इस्राएल देशात डोंगराच्या उतारावर एक आश्रयाचे नगर होते. नगर कसले, चार गल्ल्या, एक विहीर आणि एक वेस! वर्षाचा प्रायश्चित्ताचा दिवस आटोपला की देशाचे मुख्य पुरोहित, महायाजक यदाया महाराज तिथे पायी येत आणि आठ दिवस राहत.

हे नगर कोणासाठी होते, ते आधी सांगतो. ज्याच्या हातून चुकून माणूस मेला, त्याने पळत येऊन तिथे शिरावे. वेशीच्या आत त्याला कोणी हात लावायचा नाही. बाहेर पाऊल टाकले, तर मेलेल्याच्या नातलगाने त्याला मारले तरी दोष नाही. मग त्याची सुटका कधी? महायाजक मरतील तेव्हा! ते गेले की सगळे मोकळे, कोणी कोणाचा सूड घ्यायचा नाही. शास्त्रच तसे होते.

त्यामुळे मंडळी, त्या गावाला एक घाणेरडी खोड लागली होती. महाराज सेवा करत त्या पवित्रस्थानाकडून वाटसरू आला की त्याला पाणी विचारण्याआधी लोक विचारत, "महायाजकांची तब्येत काय म्हणते?" ठणठणीत आहे असे ऐकले की यांची तोंडे पडत. प्रार्थनेला बसले की महाराजांचे मरण मागत. तेही हात जोडून, अगदी मनापासून!

महाराजांना हे ठाऊक नव्हते का? चांगले ठाऊक होते. "तरी तिथे कशाला जाता?" असे शिष्यांनी विचारले तेव्हा महाराज म्हणाले, "माझ्या मरणावाचून ज्यांचं अडलंय, त्यांना मी तोंड तरी दाखवायला नको का रे?"

त्या गावात हेलेक नावाचा लाकूडतोड्या होता. झाड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटले आणि सोबत्याच्या कपाळात बसले. त्याला सहा वर्षे झाली होती. सगळ्या गावात हा एकटाच महाराजांसाठी आयुष्य मागे. लोक म्हणत, "अरे येड्या, ते शंभरी गाठतील आणि तू इथेच सडशील!" हेलेक म्हणे, "माझ्या हातून एक गेला तेवढा पुरे. दुसऱ्याचं मरण मला मागवत नाही."

मेलेल्या सोबत्याचा थोरला भाऊ जब्दी वेशीबाहेर तळ ठोकून होता. मांडीवर तलवार घेऊन बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्यासमोर हेलेकला शिव्या घाले. त्याचे दुःख खोटे नव्हते हो, पोटचा म्हणून वाढवलेला भाऊ गेला होता. पण त्या दुःखाचाच त्याला माज चढला होता.

त्या वर्षी महाराज गावात असतानाच निरोप आला. हेलेकची आई अखेरच्या घटका मोजत होती आणि सारखे त्याचेच नाव घेत होती. हेलेक उठला आणि सरळ वेशीकडे चालू लागला. जब्दी तलवार उपसून उभा राहिला.

"ये ना! आईला भेटायचंय ना? ये!"

हेलेक थांबेना. तेवढ्यात महाराजांनी मागून येऊन त्याचा हात धरला आणि ते स्वतः वेशीबाहेर गेले. "जब्दी, बाबा, आजचा एक दिवस त्याला जाऊ दे."

जब्दी हसला. "कायदा तुमचाच आहे, महाराज! तुम्ही मेलात की सोडायचा. एवढा कळवळा आहे ना? मग मरून दाखवा!"

वेशीतले लोक फिदीफिदी हसले. हो, हसले! महाराजांनी मात्र मान डोलावली. "बरं बाबा, एवढंच ना?"

त्यांनी पाणी मागवून हात धुतले. वेशीतल्या एकेकाचे नाव घेतले, शेवटी जब्दीचेही घेतले. मग आकाशाकडे पाहून म्हणाले, "प्रभो, तुझी इच्छा असेल, तर यांच्यासाठी मला घे." आणि धडधाकट माणूस, काही दुखत नाही, खुपत नाही, तिथेच मातीवर आडवा झाला. हेलेकने धावत जाऊन छातीला कान लावला. श्वास थांबला होता.

झाले! सगळे मोकळे! वर्षानुवर्षे मागितलेले पदरात पडले, आणि एकाचेही पाऊल उचलेना. आपणही वधस्तंभावर गेलेल्या आपल्या महायाजकाच्या मरणाने सुटलेली माणसे, मंडळी. आपण वधस्तंभाची गाणी टाळ्या वाजवून गातो. त्या दिवशी त्या वेशीत कोणाला टाळी सुचली नाही.

हेलेक ओरडत होता, "मला नको असली सुटका! मी मागितली नव्हती!" अखेर एका म्हाताऱ्याने त्याला दंडाला धरून उठवले. "ऊठ. त्यांचं मरण वाया घालवू नकोस. आई वाट बघतेय."

हेलेक धावत घरी पोहोचला. आईने त्याचा चेहरा चाचपला, ती त्याच्या हातचे पाणी प्यायली. कसा सुटलास, असे तिने विचारले आणि ऐकून तोंड फिरवले. "माझ्या म्हातारीपायी का रे गेले ते?" एवढेच म्हणाली. संध्याकाळी तिचे डोळे मिटले.

तिला माती देऊन दुसऱ्या दिवशी हेलेक महाराजांना माती द्यायला परत आला. जब्दी तिथेच होता. महाराजांच्या पायांवर त्याने कपाळ टेकले होते, लोक उठवत होते, पण तो उठत नव्हता. हेलेक जवळ बसला, तेव्हा त्याने मान वर केली. मग हेलेकच्याही पायांवर डोके ठेवून तो हमसून रडला.

"मी चेष्टेनं म्हणालो होतो रे," तो म्हणाला. "चेष्टेनं म्हणालो होतो."