शलमोनाचा हेवा आणि लूकाची वाणी

प्रवरेच्या खोऱ्यात पिंपळदरा नावाचे लहानसे गाव आहे. गावाच्या उगवतीला काळ्या दगडाचे प्रार्थनामंदिर आणि त्याला टेकून पत्र्याची एक खोली. करुणानंद महाराजांनी आयुष्याची शेवटची वीस वर्षे त्या खोलीत काढली. अंगात भगवी कफनी, गळ्यात दोऱ्यात ओवलेला लाकडी क्रूस. महाराज प्रभू येशूचे भजन म्हणू लागले की गावातले ख्रिस्ती लोक तर येतच, पण पारावरची इतर मंडळीही उठून दाराशी येऊन बसत. त्या काळी घडलेली ही गोष्ट. भाविकांनी ती मन लावून ऐकावी, कारण ती जितकी एका भक्ताची आहे तितकीच त्या भक्ताचा हेवा करणाऱ्याचीही आहे.

हेवा करणाऱ्याचे नाव शलमोन उजागरे. गावच्या उपदेशकाचा हा मुलगा शाळेत कायम पहिला यायचा आणि पुढे पुण्यात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला. आकाश रिकामे आहे, माणूस चुकून जन्माला आला आहे, आपली सगळी संस्कृती विझत चालली आहे आणि शहाण्याने हे उघड्या डोळ्यांनी पाहावे, असे तो शिकवी. त्याच्या व्याख्यानांना मुले खिडक्यांत बसत. बारा वर्षांपूर्वी गावात आलेल्या विषमज्वराच्या साथीत त्याची पत्नी तबिथा गेली आणि त्या दिवसापासून त्याने गुडघे टेकले नव्हते.

त्याच साथीत, त्याच आठवड्यात लूका घाटविसावेची बायको सगुणाही गेली. लूका शलमोनाच्याच वर्गातला. जन्माचा तोतरा, चौथीत शाळा सुटलेली. तो घरोघर खाटा विणून पोट भरी. दोघींच्या कबरी दहा पावलांच्या अंतरावर होत्या. शलमोन कबरस्थानातून परतला तो कोरडा होऊन. लूका मात्र काही महिन्यांनी रोज पहाटे मंदिर झाडू लागला आणि झाडता झाडता गुणगुणू लागला. गाताना त्याची जीभ फारशी अडत नसे.

लूका मठ्ठ आहे, त्याचे बायकोवर प्रेमच नव्हते, असे म्हणता आले असते तर शलमोनाला बरे वाटले असते. पण सगुणेच्या कबरीवर लूका मातीत कसा लोळला होता ते त्याने स्वतः पाहिले होते. दोघे एकाच आगीत पडले आणि हा गडी गाणे घेऊन बाहेर आला! सुट्टीत गावी आला की शलमोन ओट्यावरून त्याची वाकलेली पाठ पाहत बसे आणि हातातला चहा गार होई. या भावनेला तो तुच्छता म्हणत असे.

त्या वर्षी कापणीच्या सणाला तो मुलगी शारोनसह गावात होता. शारोन तेवीस वर्षांची होती आणि बापाकडेच एम.ए. करत होती. महाराज आपल्याला चार शब्द बोलायला सांगतील, असे शलमोन धरून चालला होता. नम्रपणे नकार कसा द्यायचा तेही त्याने ठरवून ठेवले होते. महाराज उठले आणि म्हणाले, "आजची उपकारस्तुती लूका करील."

लूका उभा राहिला. एकेका शब्दापाशी त्याची मान ताणली जाई, डोळे मिटत. आभाराच्या दोन मिनिटांच्या प्रार्थनेला पाव तास लागला. लोक शांत बसून राहिले. शलमोनाच्या छातीत काहीतरी करपत गेले.

जेवणे झाल्यावर तो सर्वांसमोर म्हणाला, "महाराज, एक विचारू? प्रेमळ देव आहे, तर तबिथा का गेली? एवढी युद्धं, एवढे दुष्काळ, आणि वर कोणी बघतो आहे हे मानायचं कशाच्या आधारावर?"

महाराज म्हणाले, "प्रश्न खरा आहे, शलमोनराव. पण तो लूकाला विचारा. त्याचीही सगुणा गेली आहे."

सगळे लूकाकडे वळले. लूका म्हणाला, "त-त-तो... ज-ज..." आणि शब्द घशात अडकला. कपाळावर घाम आला, ओठ नुसते हलत राहिले.

"राहू दे रे," शलमोन हसून म्हणाला. "तुमच्या देवाला आपली बाजू मांडायला धड बोलणारा वकीलसुद्धा मिळू नये?"

काहीजण हसले. लूका खाली बसला. शारोन हसली नाही. ती बापाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली आणि अन्न नको म्हणाली. तालुक्याहून डॉक्टर आले, सलाईन लावून गेले, पुन्हा आले. सातव्या दिवशी ते शलमोनाला बाहेर नेऊन म्हणाले, "शरीरात रोग सापडत नाही, सर. पण नाडी फार मंदावली आहे. तिला जगायचंच नाही असं दिसतंय. तुम्ही एवढे विद्वान. तिला काहीतरी सांगा."

शलमोन खाटेशी बसला. संगीत, पुस्तके, पुढचे शिक्षण, बापाचे प्रेम, जे सुचेल ते त्याने सांगितले. शारोन भिंतीकडेच बघत म्हणाली, "बाबा, हे सगळं म्हणजे स्वतःला घातलेली भूल आहे, असं तुम्हीच शिकवलंत. तुम्ही ते शिकवता आणि रोज दाढी करता, मानासाठी रुसता. मी खरं मानलं, एवढाच फरक. सांगा, कशासाठी उठू?"

शेकडो मुलांना त्याने हा प्रश्न विचारायला शिकवले होते.

तो अनवाणीच महाराजांच्या खोलीकडे धावला. महाराजांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मी येतो. पण बोलेल लूका. त्याला बोलावून आणा, तुम्ही स्वतः."

"महाराज, या वेळी थट्टा करू नका. तो काय बोलणार?"

"तुम्हाला बोलणारा हवा आहे की मुलगी हवी आहे?" महाराज शांतपणे म्हणाले.

लूका आळीतल्या कडुनिंबाखाली खाट विणत होता. त्याच्यासमोर उभे राहून शलमोनाने मान खाली घातली. "लूका, माझी पोर चालली आहे. चल." बारा वर्षांत त्याने त्याला कधी हाक मारली नव्हती. लूकाने हातातली सुतळी खाली टाकली आणि काही न विचारता निघाला.

दाराशी महाराजांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला, डोळे मिटून प्रभूचे नाव घेतले आणि स्वतः ओट्यावरच गुडघे टेकले. लूका आत जाऊन जमिनीवर बसला. शलमोन चौकटीला धरून उभा राहिला.

"शारोनबाय," लूका म्हणाला, "तू विचारतेस ते मीही विचारलं होतं."

शलमोनाने चमकून पाहिले. लूकाची मान ताणलेली नव्हती. शब्द ओढ्याच्या पाण्यासारखे येत होते.

"सगुणा गेली त्या दिवशी देवाला मी येतील तेवढ्या शिव्या दिल्या. शिव्या देतानाही अडखळलो. का नेलीस, म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही, बाय. आजतागायत आलं नाही. पण कोणीतरी माझ्याजवळ येऊन बसलं. मी म्हटलं, जा. तो गेला नाही. मग माझ्या ध्यानात आलं, यानंही क्रूसावर बापाला विचारलं होतं, मला का टाकलंस? तेव्हा आभाळ गप्पच राहिलं होतं. ज्याला स्वतःला त्या घडीला उत्तर मिळालं नाही, तो मला काय उत्तर देणार? तो बसून राहिला. मला तेवढं पुरलं."

शारोनची पाठ किंचित हलली.

"कशासाठी उठायचं, ते मला सांगता येत नाही. मी चौथी नापास. पण तो तुझ्या उशाशी सात दिवस बसून आहे. तू जेवली नाहीस, तसा तोही जेवलेला नाही. ऊठ बाय. त्याला उपाशी ठेवू नकोस."

मग शारोनने भिंतीकडचे तोंड वळवले. तिचे डोळे भरले होते. "काका," ती म्हणाली, "तुम्ही अडखळत नाही आहात."

लूकाने आपल्याच ओठांना हात लावला. त्यालाही ते तेव्हाच कळले.

"मला पाणी द्या," ती म्हणाली. तिने हात पुढे केला तो लूकाकडे. आणि भाविकहो, माणसाचे मन पाहा! लेक मरणाच्या दारातून परत आली होती, तरी त्या क्षणी शलमोनाच्या काळजात जुनीच कळ उठली. पाणी तिने माझ्याकडे का मागितले नाही?

संध्याकाळपर्यंत तिने वाटीभर पेज घेतली. डॉक्टर नाडी धरून नवल करत राहिले. शलमोन ओट्यावर आला. लूका पायऱ्या उतरत होता. शलमोन म्हणाला, "लूका, तू बोललास. आता मंदिरात, सभेत, कुठेही बोलू शकशील."

"न-न-नाही रे," लूका म्हणाला. जीभ पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. "त-ते त-तेवढ्यापुरतंच."

"दिलं आणि परत काढून घेतलं? तुला राग येत नाही?"

"क-काम झ-झालं ना," लूका म्हणाला आणि राहिलेली खाट पुरी करायला निघून गेला.

शलमोन ओट्यावरच महाराजांपुढे बसला. "महाराज, खरं सांगतो. मुलगी वाचली, तरी मी अजून जळतो आहे. बारा वर्षं या माणसाचा हेवा केला आणि आजही करतो आहे. माझ्यासारख्यानं देवापुढे कोणत्या तोंडानं यावं?"

महाराज हसले. "शलमोनराव, लूकाजवळ जमीन नाही, घर नाही, विद्या नाही, बायको नाही. बोलायला धड जीभही नाही. तुम्ही म्हणता, देवही नाही. मग बारा वर्षं तुम्ही त्याच्या कशाचा हेवा केलात?"

शलमोनाने कडुनिंबाखाली खाट विणणाऱ्या लूकाकडे पाहिले.

"जे मुळात नाहीच, त्यासाठी कोणी जळत नाही," महाराज म्हणाले. "तुमच्या बुद्धीनं नाकारलं ते तुमच्या हेव्यानं बारा वर्षं धरून ठेवलं. तो हेवाच घेऊन या. प्रभूनं याहून वाईट वस्तू हातात घेतल्या आहेत."

शलमोन महाराजांच्या पायांशी वाकू लागला. महाराजांनी त्याला खांद्यांना धरून थांबवले आणि कडुनिंबाकडे बोट दाखवले. तो उठला, अंगण ओलांडून गेला आणि जिथे लूका सुतळी ताणत बसला होता तिथे, सगळ्या आळीच्या देखत, मातीत डोके टेकून पडला.