कारवीची शेवटची तीन फुलं

डोंगराच्या अगदी कुशीत, जिथे ढग कौलांवर टेकून विसावा घ्यायचे, तिथे गोजरीचं इवलंसं घर होतं. घरात आई, गोजरी आणि चार वर्षांचा भिवा. आई दुसऱ्यांच्या शेतात राबायची. चुलीजवळ डबे तीन होते आणि बहुतेक वेळा तिन्ही रिकामेच असायचे. गोष्टींना मात्र त्या घरात तोटा नव्हता. गोजरी गोष्ट सांगायची आणि भिवा दर वाक्याला "हूं" म्हणायचा. रीतच होती तशी. ऐकणाऱ्यानं हूं म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही.

चार दिवस झाले, भिवाचं हूं ऐकू आलं नव्हतं. तापानं त्याचे चिमुकले गाल लाललाल झाले होते. तळ्यातल्या कासवाची गोष्ट अर्ध्यावरच थांबली होती.

वैदूबाबांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. "कारवीच्या फुलातला मध मिळाला तर पोर उठेल. पण कारवी फुलते सात वर्षांनी एकदा. यंदाचा बहर तर सरला."

"आई, मी बघून येते," गोजरी म्हणाली.

"एकटी? त्या रानात?"

"एखादं तरी फूल राहिलं असेल गं."

घरात एकच भाकरी होती. आईनं ती फडक्यात बांधून दिली.

रानात एक खार लंगडत लंगडत तिच्या वाटेत आली. मण्यांसारखे डोळे, झुबकेदार शेपूट, पण पोट अगदी खपाटीला गेलेलं. "भूक लागली होय गं तुला?" म्हणत गोजरीनं भाकरी मोडली, अर्धी खारीपुढे ठेवली आणि स्वतः पळत पुढे निघाली.

कारवीचा उतार सगळा वाळून तपकिरी झाला होता. गोजरीला रडू फुटणार, इतक्यात एका फांदीवर निळंजांभळं काहीतरी चमकलं. तीन फुलं! तीन नाजूक घंटाच जणू! तिनं हात पुढे केला.

"हळू, बाळ! ओरबाडू नकोस."

फुलातून बोटाएवढी परी बाहेर आली. जांभळा परकर, चतुरासारखे झिलमिल पंख आणि कपाळावर दवाचा टिपूस.

"परीताई, मला मध हवाय. माझा भिवा..."

"ठाऊक आहे मला. देईन हो मध. पण कारवीची एक अट असते. मी गोष्ट सांगेन, तू तिचा गाभा सांगायचास, एका वाक्यात. चुकलीस की एक फूल गळेल. तिन्ही गळाली, की मी सात वर्षं झोपी जाईन."

गोजरीला वर्ग आठवला. शाळेत गुरुजी नेमकं हेच विचारायचे. ती अख्खी गोष्ट घडाघडा म्हणून दाखवायची आणि मागून सिद्राम खिदळायचा, "बोलली आमची पोपटीण!" गुरुजी म्हणायचे, "गोष्ट सुरेख सांगितलीस गं, पण गाभा कुठाय?" आणि गोजरी मान खाली घालून बसायची.

परी सांगू लागली. "एक होती सुगरण."

"हूं."

"पिल्लांच्या अंथरुणाला तिच्याजवळ कापसाचा एकच पुंजका होता."

"हूं."

"झाडाखाली उंदराचं पिल्लू थंडीनं कुडकुडत होतं. सुगरणीनं पुंजक्याचे दोन भाग केले आणि अर्धा त्याला दिला. तिची पिल्लं एकमेकांना बिलगून निजली. उंदराचं पिल्लूही उबेत निजलं. सांग बाळ, गाभा काय?"

गोजरीनं एक होती सुगरणपासून उबेत निजलंपर्यंत सारं एका दमात सांगून टाकलं.

टप्! एक फूल गळलं. परीच्या पंखांची चमक उणावली.

"हे तर काय काय घडलं ते झालं, बाळ."

गोजरी घाबरली. "सुगरणीनं उंदराला कापूस दिला!"

टप्! दुसरंही गळलं.

परीचा आवाज आता झोपाळू झाला होता. "लहान केलंस, पण गोष्ट अजून त्याच झाडावर अडकलीय. सुगरण नसली, उंदीर नसला, कापूस नसला तरी जे खरं राहील, तो गाभा."

सूर्य डोंगराला टेकला. शेवटचं फूल थरथरत होतं. सगळंच काढून टाकलं तर उरणार काय? गोजरीला भिवाचे कोरडे ओठ दिसले. "उंदरा..." तिनं सुरुवात केली, तसं फूल देठापाशी वाकलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

पायाला गुदगुल्या झाल्या. पाहते तर तीच खार! मिशांना भाकरीचा चुरा चिकटलेला. गोजरीनं फडक्याकडे पाहिलं. आत अर्धीच भाकरी होती.

इथे सुगरण कुठेय? कापूस कुठेय? इथे मी आहे, खार आहे, भाकरी आहे. तरी घडलं ते तसंच! मग दोन्हीकडे सारखं काय आहे?

ती हळूच म्हणाली, "आपल्याजवळ थोडंच असलं, तरी त्यातलं देता येतं."

तिनं डोळे गच्च मिटले आणि टप् ऐकू येण्याची वाट पाहिली.

काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर फूल ताठ उभं! त्याच्या इवल्याशा वाटीत सोनेरी मध काठोकाठ भरला होता.

"खारीला घास दिलास ना, तेव्हाच गाभा तुझ्यापाशी होता," परी हसून म्हणाली. "फक्त ओठांवर यायचा राहिला होता. जा, पळ!" जांभळा, निळा, सोनेरी असा लखलखता उजेड साऱ्या उतारावर पसरला आणि त्यात परी विरघळून गेली. गोजरीच्या ओंजळीत मधानं भरलेलं फूल तेवढं उरलं.

एक थेंबही न सांडता ती घरी आली. आईनं भिवाचं डोकं मांडीवर घेतलं. गोजरीनं बोटानं मध त्याच्या जिभेला लावला. एकदा लावला, पुन्हा लावला. भिवा हलला नाही.

गोजरीनं थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू केली. "मग ते कासव तळ्यातून वर आलं..."

हूं आलं नाही. आई भिवावर वाकली.

"भिवा, कासव वर आलं रे..."

आणि आईच्या मांडीवरून, अगदी बारीक, मधाळ आवाज आला.

"हूं."