सात घरं फिरवणारी

फार पूर्वी एक कोल्हा केस हुंगून कूळ सांगायचा. कवडी नावाच्या मांजरीचा केस हुंगून तो म्हणाला, “अगं, तू तर इराणच्या राजवाड्यातली!”

कवडीनं घरी येऊन आईला सुनावलं, “तू माझी आई नव्हेसच.”

“असेल बाई,” म्हातारी म्हणाली. “तुला तोंडात धरून मी सात घरं फिरवलं, एवढंच मला ठाऊक.”

कवडी तडक निघून गेली. वर्षभरानं तिनं हौसेनं पुन्हा केस दिला. या खेपेला कोल्हा म्हणाला, “तू सयामची.”

“मागे तर इराण म्हणालात!”

“तेव्हा ताडून बघायला माझ्याकडे इराणचेच केस होते.”

कवडी धावत घरी आली. आईची जागा रिकामी होती.

“गेली गं ती,” शेजारचा बोका म्हणाला. “शेवटपर्यंत रोज त्या सातही घरांत तुला हुडकत होती.”