गाठीशी गाठ

होड्यांना शिडं होती तेव्हाची गोष्ट. धाकलूबाई कोळणीने नारळ टांगायला गोल जाळी विणली. प्रत्येक गाठीला बरोबर तीन दोर.

नारळावर टपलेल्या उंदराने गाठींना विचारलं, "तुमच्यात मुख्य कोण? तेवढीच कुरतडतो."

"सगळ्या सारख्याच," गाठी म्हणाल्या.

कुठलीही गाठ वेगळी काढायची तर तीन दोर तोडणं आलं. उंदराचे दात दुखले. मग तो एकीला म्हणाला, "एवढी देखणी, आणि तीनच दोर?"

गाठ फुगली. तिने शेजारणींचे दोर स्वतःकडे ओढून घेतले. त्यांच्याकडे एकेकच उरला.

"आता गाठ माझ्याशी आहे!" ती गरजली.

उंदराने तिच्याकडे पाहिलंही नाही. एकेका शेजारणीचा एकुलता एक दोर त्याने तोडला. नारळ पडून फुटला.

धाकलूबाई आली. "अगो बाई, जाळी कुठं गेली? इथं तर नुसती गाठ लटकतेय."