नावाड्याच्या लेकीचे आठ भाग

कितीतरी पिढ्यांपूर्वी एका नदीकाठच्या राज्यात घडलेली ही गोष्ट आहे. लहानांनो, तुम्ही ऐका. आणि मोठ्यांनो, हातातले काम बाजूला ठेवून तुम्हीही ऐका.

त्या राज्यात एका वर्षी डोळ्यांची साथ आली. साथ ओसरली, पण जाताना पुष्कळ मुलांची दृष्टी घेऊन गेली. तेव्हाच्या राणीने त्या मुलांसाठी एक ग्रंथालय उभारले. तिथली पुस्तके बोटांनी वाचायची असत. जाड कागदाला मागून सुईने टोचत गेले, की पुढच्या बाजूला अक्षर उठून येई आणि बोटाला लागे. मागून टोचायचे म्हणून प्रत्येक अक्षर उलटे काढावे लागे. एका पुस्तकात वर्ष सहज निघून जाई.

हे काम गावातली माणसे आपल्या खुशीने करत. दरवर्षी समारंभ होई आणि ज्याने ग्रंथालयात नवी गोष्ट आणली, त्याच्या खांद्यावर राणी स्वतः शाल घाली.

त्या गावात भानू नावाचा शिंपी होता. त्याने मुलांची एक जुनी, आठ भागांची गोष्ट हाती घेतली. हरवलेल्या बापाला शोधायला निघालेल्या नावाड्याच्या लेकीची ती गोष्ट. पहिल्या भागाला त्याला शाल मिळाली. दुसरा आणि तिसरा भाग त्याने आणून दिला, तेव्हा मात्र कुणी फारसे लक्ष दिले नाही. गोष्ट तर आधीच आलेली होती. लोक म्हणू लागले, ती आता जुनी झाली, काही नवे आण. भानूने नवी गोष्ट घेतली. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा शाल मिळाली.

कुंभारवाड्यात राही नावाची दहा वर्षांची मुलगी राहत होती. तिला दिसत नव्हते. तिने ते तीन भाग वाचले. तिसऱ्याच्या शेवटी नावाड्याची लेक पुरात सापडते, कशीबशी एका खडकावर चढते आणि पाणी वाढू लागते. राही चौथा भाग मागायला गेली. ग्रंथालय सांभाळणाऱ्या आक्कांनी सांगितले, की चौथा भाग अजून झालेला नाही. मग ती दर बाजाराच्या दिवशी येऊन विचारू लागली.

एकदा ती आली, तेव्हा भानू तिथेच उभा होता. आक्कांनी तिला समजावले, की इतकी नवी पुस्तके आली आहेत, त्यातले एखादे घेऊन जा.

राही म्हणाली, "आक्का, ती पाण्यात खडकावर उभी आहे. तिला तशीच सोडून मी दुसरीकडं कशी जाऊ?"

भानूने मान खाली घातली. हातातले पुस्तक संपले, की चौथा भाग घ्यायचाच, असे त्याने ठरवले. पण ते संपले तेव्हा समारंभ जवळ आला होता, आणि समारंभ झाला तेव्हा दुसऱ्या कुणीतरी नवी गोष्ट सुचवली. अशी सहा वर्षे गेली.

एक दिवस त्याने आक्कांना सहज विचारले, की ती कुंभाराची मुलगी हल्ली दिसत नाही.

आक्का उठल्या. त्यांनी त्याला फळ्यांपाशी नेले आणि एकेक पुस्तक त्याच्या हातात दिले. पहिला भाग. पहिला भाग. पहिला आणि दुसरा. पुन्हा पहिला. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बहुतेक सुरुवातीच होत्या.

"पोरं यायची थांबली, भानू," आक्का म्हणाल्या. "थांबणार नाहीत तर काय करतील?"

भानू घरी आला. निम्म्यावर आलेली नवी गोष्ट त्याने बाजूला ठेवली. बायकोला, सगुणेला, त्याने सगळे सांगितले आणि दोघांनी चौथा भाग हाती घेतला. शेजारचा तांबट पाचवा भाग करायला तयार झाला. मूळ पुस्तकाचा सहावा भाग गावात कुणाकडेच नव्हता. दोन कोसांवरच्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे तो सापडला, पण ते पुस्तक घराबाहेर द्यायला तयार होईनात. तेव्हा तांबटाचा भाऊ उन्हाळाभर त्यांच्या ओसरीवर जाऊन बसला आणि तिथेच त्याने तो टोचून काढला. त्या वर्षी यांच्यापैकी कुणालाही शाल मिळाली नाही.

चौथा भाग झाला, तेव्हा भानू स्वतः तो घेऊन कुंभारवाड्यात गेला. राही आता सतरा वर्षांची होती. ती माती मळत होती. तिने हात धुतले आणि पुस्तकावर तळवा ठेवला, पण ते उघडले नाही.

"मला वाटलं, ती बुडाली," ती म्हणाली. "मग वाटलं, आमच्यासाठी गोष्टी एवढ्याच असतात."

"गोष्ट पुरी होती, बाळ," भानू म्हणाला. "मी मधेच थांबलो. तू विचारायला आलीस, ते ऐकूनही थांबलो."

राहीने पुस्तक उघडले. ती उंबऱ्यावर बसून वाचू लागली आणि दिवस मावळेपर्यंत उठली नाही. मळलेली माती तशीच सुकून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिंप्याच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिने एक सुई मागितली.

उलटी अक्षरे काढायला शिकताना तिची बोटे रक्ताळली. पण प्रत्येक ओळ उलटवून, बोटाने चाचपून ती तपासायची. डोळसांच्या नजरेतून सुटलेल्या चुका तिला लगेच लागत. सगुणा मोठ्याने वाचे, राही टोचत जाई आणि समोर बसून भानू सातवा भाग करी. सातव्याचे शेवटचे पान त्याने पुरे केले आणि त्याच हिवाळ्यात तो आजारी पडून वारला. आठवा भाग राहीच्या हातून झाला. त्याला तीन वर्षे लागली.

आठही भाग एका फळीवर लागले, त्या दिवशी आक्कांनी राणीला बोलावून आणले आणि तिला बाकीच्या सगळ्या फळ्याही दाखवल्या. राणीने तिथेच समारंभाचा नियम बदलला. त्या वर्षीपासून शाल शेवटचा भाग आणणाऱ्याला मिळू लागली.

राही मात्र शाल घ्यायला गेली नाही. तिने दुसऱ्या एका अर्धवट गोष्टीचा तिसरा भाग उतरवायला घेतला होता.

पुढे एका पावसाळ्यात सात वर्षांची एक आंधळी मुलगी त्या ग्रंथालयात आली. नावाड्याच्या लेकीची गोष्ट तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका दमात वाचून काढली. तिसरा भाग संपला तेव्हा तिने हात पुढे केला आणि चौथा भाग शेजारीच होता. त्या जागी एके काळी काहीच नव्हते, हे तिला कळलेदेखील नाही.

तात्पर्य : ज्याची कुणीतरी वाट पाहत आहे, ते काम नुसते सुरू करणे पुरेसे नसते, ते शेवटाला नेणे हेच खरे दान असते.