झुबकीची शेंग आणि ट्रॅक्टरचं पोट

ऐका हं! कान टवकारा!

झुबकी खारीला सापडली एक शेंग. टप्पोरी! धावता धावता तोंडातून सुटली. गेली गडगडत, लाल ट्रॅक्टरच्या चाकाखाली.

"अगं बाई! माझी शेंग!"

झुबकी म्हणाली, "शेंग मिळेना. ट्रॅक्टरदादा, हल ना!"

"मी नाही हलणार! पोट रिकामं. भट्टीनं इथेनॉल पाजलं तर हलेन."

टुणुक टुणुक, झुबकी भट्टीकडे.

"शेंग मिळेना, ट्रॅक्टर हलेना. भट्टीबाई, पेट ना!"

"मी नाही पेटणार! उकळू काय, दगड? पिंपानं आंबलेला रस दिला तर पेटेन."

टुणुक टुणुक, झुबकी पिंपाकडे.

"शेंग मिळेना, ट्रॅक्टर हलेना, भट्टी पेटेना. पिंपमामा, फसफस ना!"

"मी नाही फसफसणार! चरकानं गोड रस दिला तर फसफसेन."

टुणुक टुणुक, झुबकी चरकाकडे.

"शेंग मिळेना, ट्रॅक्टर हलेना, भट्टी पेटेना, पिंप फसफसेना. चरककाका, फिर ना!"

"मी नाही फिरणार! गोदूमावशीनं ज्वारीचे गोड धांडे दिले तर फिरेन."

टुणुक टुणुक, झुबकी शेतात. गोदूमावशी विळा घेऊन गप्प बसलेली.

"शेंग मिळेना, ट्रॅक्टर हलेना, भट्टी पेटेना, पिंप फसफसेना, चरक फिरेना. गोदूमावशी, काप ना!"

"मी नाही कापणार! भलरीचं गाणं म्हटल्याशिवाय विळा लावायचा नाही, ही आमची रीत. आणि माझा तर घसा बसलाय गं!"

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नाही. झुबकीला रडूच आलं.

मग तिनं शेपटी झटकली. बांधावर चढली. आणि गायलीच की!

"चिक चिक भलरी! चिक चिक भलरी!"

मावशी खुदकन हसली. विळा चालला, सपसप सपसप! कणसं भाकरीला, धांडे चरकाला.

चरक फिरला, करकर करकर!

पिंप फसफसलं, बुडबुड बुडबुड! थांबा हं, आंबायला वेळ लागतो. झुबकी झोपली. झुबकी उठली. पुन्हा झोपली. पुन्हा उठली. झालं!

भट्टी पेटली, ढणढण ढणढण! नळीतून इथेनॉल आलं, टिप टिप टिप!

ट्रॅक्टर प्यायला, गटगट गटगट! आणि हलला, धडधड धडधड!

आणि शेंग? चाकाच्या खाचेत मजेत बसलेली. टुपकन खाली पडली!

"शाब्बास गं झुबके!" मावशी बसक्या घशानं ओरडली. "तू गायलीस, म्हणून सगळं शिवार हललं!"

झुबकी ट्रॅक्टरच्या टपावर चढली. शेपटी उभी, ऐटीत! कट्ट! शेंग फोडली.

भलरी झाली गाऊन, शेंग टाकली खाऊन, गोष्ट गेली पोटात!